निळा रंग आणि ‘घर कुठे?’ हा प्रश्न : चित्रकार सिओना बेंजामिन समजून घेताना

श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतन हे आसपासच्या गावांचे बाजाराचे ठिकाण. तेथून जवळच दिवेआगर आहे. दिवेआगरवरून ‘दिवेकर’ हे आडनाव आले असे मानतात. हे आडनाव हिंदू घरांत जसे आहे, तसेच बेने इस्रायली म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू घरांतही आहे. रायगडच्या किनाऱ्यावरील रोहेकर, पेणकर, नवगावकर, किहीमकर ही आडनावेही अशीच. एकेकाळी या पट्ट्यातील गावागावांत बेने इस्रायलींची घरे होती. आज बहुतेक घरे बंद आहेत किंवा दुसऱ्यांच्या हाती गेली आहेत. माणसे मुंबईला गेली, तेथून इस्रायल, अमेरिका, इंग्लंडला गेली.

याच समाजातील एक स्त्री आज अमेरिकेत राहून चित्रे काढते. तिच्या चित्रांतील माणसांची कातडी निळी असते. सिओना बेंजामिन हे तिचे नाव. निळ्या रंगाशी आपले नाते सांगण्याची गरज नाही. म्हणूनच ही चित्रकार आणि तिचा निळा रंग आपल्या तरुण वाचकांनी समजून घ्यावा असे आम्हाला वाटते.

शनिवार तेली

बेने इस्रायलींची परंपरा सांगते की, फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. वेगळ्या धर्माची माणसे आली तरी गावगाड्याने त्यांना जातीच्या नावानेच ओळखले. धर्म कोणताही असो, जातीची चौकट माणसाला आत ओढतेच, हे आपल्याला नवीन नाही.

हा समाज पूर्ण मराठी झाला. बायका लुगडे नेसल्या. बायबलमधील कथांवर मराठीत कीर्तने झाली. नवस फेडताना पोहे, खोबरे आणि फळांचा ‘मलिदा’ करण्याची प्रथा आजही टिकून आहे. मुंबईतील त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी उभारले. कोकणातले लोक सिनेगॉगलाही मशीदच म्हणत. मस्जिद बंदर हे नाव या सिनेगॉगवरून पडले असे सांगितले जाते. वरळीच्या ई. मोझेस रोडला ज्यांचे नाव आहे ते मुंबईचे महापौर आणि इंग्रजी कवी निस्सीम इझिकेल हे याच समाजातले.

पण या छोट्या समाजातही उतरंड शिरली. ‘गोरे इस्रायल’ आणि ‘काळे इस्रायल’ असे दोन भाग पडले. ज्यांच्या घराण्यात समाजाबाहेरची आई आली असे मानले जाई, ते काळे. गोरे त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार करत नसत. स्वतः अल्पसंख्य असलेल्या समाजाने आपल्यातल्याच काहींना कमी लेखले. आपल्या पोटजातींचा विचार करताना हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुरावा मागितला जातो तेव्हा

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात सुमारे २० हजार बेने इस्रायली होते. १९४८ मध्ये इस्रायल झाले आणि हजारो जण ‘आपल्या’ देशात गेले. तेथे वेगळाच अनुभव आला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तेथील धर्मपीठाने बेने इस्रायलींच्या लग्नाआधी त्यांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी असा आदेश काढला. तुमची आजी, पणजी खरेच ज्यू होती का, हे आधी सिद्ध करा, असा त्याचा अर्थ. बेने इस्रायलींनी जेरुसलेममध्ये आंदोलन केले. अखेर १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्व अर्थांनी ज्यू आहेत असे जाहीर केले आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली.

भारतात ‘तुम्ही बाहेरचे’ आणि तिकडे ‘तुम्ही भारतातले, सावळे, तुमची खात्री नाही’. मग घर कुठे? सिओना बेंजामिन यांची चित्रे या प्रश्नातून निघतात.

कातडी निळी का?

सिओना बेंजामिन यांचा जन्म १९६० मध्ये मुंबईत झाला. घर ज्यू, शाळा कॅथलिक आणि पारशी, शेजार हिंदू आणि मुसलमान. सर जे. जे. कला महाविद्यालयात शिकून १९८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. तेथे त्यांनी चित्रकलेत आणि पुढे रंगमंच नेपथ्यात पदव्युत्तर शिक्षण घेतले. आज त्या न्यू जर्सी राज्यात राहतात.

अमेरिकेत ज्यू म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर युरोपातला गोरा माणूस येतो. साडी नेसलेली, मराठी घरातली सावळी ज्यू बाई त्या चित्रात बसत नाही. आपल्या कातडीचा प्रश्न त्यांनी लपवला नाही. तो त्यांनी चित्राच्या मध्यभागी आणला. निळा रंग आकाशाचा आणि समुद्राचा. तो कोणत्याच एका देशाचा नाही आणि सगळ्यांचा आहे, अशी त्यांची भूमिका आहे. ‘फाइंडिंग होम’ म्हणजे ‘घराचा शोध’ या त्यांच्या दीर्घ मालिकेत ही निळी स्त्री पुन्हा पुन्हा येते. अनेकदा तो चित्रकर्तीचा स्वतःचाच चेहरा असतो.

या मालिकेतील एका प्रसिद्ध चित्रात निळ्या स्त्रीला देवीसारखे अनेक हात आहेत आणि हातांची मांडणी ज्यूंच्या मेनोरा या दीपवृक्षासारखी आहे. चित्राच्या नावात ‘तिक्कुन हा-ओलाम’ हे हिब्रू शब्द आहेत. त्यांचा अर्थ मोडलेले जग दुरुस्त करणे. मुघल आणि पर्शियन लघुचित्रे, ख्रिस्ती धर्मचित्रे, सोन्याचा वर्ख, हिंदी सिनेमाची पोस्टरे, अमेरिकन कॉमिक्स असे सगळे त्यांच्या कागदावर एकत्र येते. ही खिचडी गंमत म्हणून केलेली नाही. त्यांचे लहानपणच या सगळ्यात गेले. त्यातले एक निवडा आणि बाकीचे टाका, असे सांगणाऱ्यांना त्या चित्रातून नकार देतात.

खलनायिकेच्या बाजूने कथा

बायबल आणि ज्यू दंतकथांतील स्त्रियांवर त्यांनी ‘फरिश्ते’ या नावाची चित्रे केली. त्यांत लिलिथ आहे. दंतकथेनुसार लिलिथ ही आदमची पहिली बायको. तिने नवऱ्याच्या हाताखाली राहायला नकार दिला, म्हणून परंपरेने तिला राक्षसीण ठरवले. बेंजामिन यांनी तिला ज्वाळांमध्ये, अंगावर ज्यू प्रार्थनेची शाल घेतलेली, कॉमिक्समधील नायिकेसारखी उभी केली. सारा आणि हागार या एकाच पुरुषाच्या दोन स्त्रिया. ज्यू आणि अरब आपापला वंश त्यांच्यापर्यंत नेतात. कथेत एकीने दुसरीला घराबाहेर काढले. बेंजामिन यांच्या चित्रात त्या एकमेकींना मिठीत घेतात.

ही पद्धत आपल्याला ओळखीची आहे. महात्मा फुले यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त पुराणातील अवतारकथा हरलेल्यांच्या बाजूने वाचल्या. ज्याला पाताळात गाडले तो बळी त्यांनी रयतेचा राजा म्हणून समोर ठेवला. कथा कोणी लिहिली आणि तिच्यात राक्षस कोणाला ठरवले, हे विचारायला फुल्यांनी शिकवले. बेंजामिन रंगांतून तेच विचारतात.

आपली अडचण

येथे आम्हाला एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. अनेक हातांची देवी, कृष्णाची आठवण करून देणारा निळा रंग, ही प्रतिमाभाषा आपण २२ प्रतिज्ञा घेऊन मागे सोडली आहे. मग अशी चित्रे आपण का पाहावीत, असा प्रश्न कार्यकर्ते विचारतील. प्रश्न रास्त आहे.

आमचे उत्तर असे. बेंजामिन या प्रतिमांची पूजा करत नाहीत, त्यांचा शब्दांसारखा वापर करतात. त्यांची वाट आपण जशीच्या तशी घ्यावी असे मुळीच नाही. आपला इतिहास वेगळा आहे. ज्या देवळाच्या पायरीवर आपल्याला उभे राहू दिले नाही, तेथील प्रतिमा आपल्यासाठी निव्वळ सजावट होऊ शकत नाही. बेंजामिन यांना जोडायचे आहे. आपल्याला आधी तोडावे लागले. पण तोडल्यानंतर रिकाम्या भिंतीवर काय रंगवायचे, हा प्रश्न आपल्यालाही आहेच.

त्याची उत्तरे आपल्या कलावंतांनी दिली आहेत. नागपूरचे सवी सावरकर यांनी गळ्यात गाडगे बांधलेला अस्पृश्य माणूस आणि देवदासी रंगवल्या आणि पाहणाऱ्याला नजर चुकवू दिली नाही. बिहारच्या मालविका राज यांनी देवादिकांसाठी वापरली जाणारी मधुबनी शैली घेऊन तिच्यात तथागतांचे जीवन आणि बाबासाहेब आणले. एकाने सोसलेले समोर ठेवले, दुसरीने जुन्या रेषेला नवा आशय दिला.

जगातही हेच चालू आहे. नायजेरियातील इग्बो समाजाच्या स्त्रिया अंगावर आणि भिंतींवर ‘उली’ नावाची नक्षी काढत. इंग्रजी कलाशिक्षणाने तिला कला मानले नाही. १९६० मध्ये, देश स्वतंत्र झाला त्या वर्षी, उचे ओकेके या तरुण चित्रकाराने आपले जुने आणि बाहेरचे नवे यांतून जे उपयोगी ते निवडून घेण्याचा विचार मांडला आणि पुढे उलीची रेषा कागदावर आणली. त्याच समाजातील न्जिदेका अकुन्यिली क्रॉस्बी १९९९ मध्ये अमेरिकेला गेल्या. त्यांच्या मोठ्या चित्रांत अमेरिकेतले घर दिसते, पण जवळून पाहिले की भिंती आणि कपडे नायजेरियातील मासिकांच्या आणि कुटुंबाच्या छायाचित्रांनी भरलेले दिसतात. घर सोडले तरी घर चित्रात आले.

आपण काय करू शकतो?

२०१०-११ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर सिओना बेंजामिन भारतात परत आल्या. बेने इस्रायली माणसांना भेटून त्यांनी त्यांची छायाचित्रे घेतली, त्यांच्या कहाण्या ऐकल्या आणि त्या चेहऱ्यांभोवती नक्षी, सोने आणि रंग भरून चित्रे तयार केली. समाज कमी होत चालला आहे, तेव्हा चेहरे तरी राहावेत, हा या कामाचा मोठा अर्थ आम्हाला वाटतो.

हे काम आपल्या प्रत्येक गावात करण्यासारखे आहे. रायगड हा महाडचा जिल्हा. १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला गेलेली पिढी आता नाही. त्यांची नातवंडे म्हातारी झाली आहेत. १९५६ च्या धम्मदीक्षेची आठवण सांगणारी माणसेही दरवर्षी कमी होत आहेत. बोर्ली, म्हसळा, श्रीवर्धन या भागातील बौद्धवाड्यांतून किती आजोबा मुंबईच्या गिरणीत, गोदीत गेले, त्यांनी घरी काय पत्रे लिहिली, आजीने देव्हाऱ्यातले देव नेऊन कुठे सोडले, हे कोणी लिहून ठेवले आहे? घरातल्या जुन्या फोटोच्या मागे नाव, गाव आणि वर्ष लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. विहारात भीमजयंतीला चित्रस्पर्धा होते, तेथे पुतळा पाहून काढलेल्या चित्राबरोबर ‘माझ्या आजीचा चेहरा’ हाही विषय ठेवता येईल.

निळा झेंडा आपल्या हातात आहे. तो ज्यांनी पहिल्यांदा आपल्या वाडीत उभा केला, त्यांचे चेहरे विसरले जाऊ नयेत. ते काम बाहेरून येऊन कोणी करणार नाही. या पावसाळ्यात घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ एक संध्याकाळ वही घेऊन बसा.

जय भीम!