कुरकुंभच्या माळव्याचा कर्बोदकी हिशेब

पुणे-सोलापूर महामार्गावरील आमच्या कुरकुंभात, जिथे एका अंगास औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखाने आणि दुसऱ्या अंगास दौंड तालुक्यातील उसाचे फड आहेत, तिथे अल्पकर्बोदकी आहाराचा संकल्प सोडलेल्या गृहस्थाने बाजारातील कोणत्या माळव्यास मुभा द्यावी आणि कोणते तूर्त नामंजूर करावे, अशी पृच्छा वारंवार होते. म्हणून हा तपशील.

मेथी, पालक, दुधी, दोडका, पडवळ, कारले, काकडी, फ्लॉवर यांच्या शंभर ग्रॅमांत कर्बोदके साधारणतः ३ ते ६ ग्रॅम भरतात, व त्यांतही पचनास न येणाऱ्या चोथ्याची वजावट करावयाची असते. उलटपक्षी बटाट्यात ती सुमारे १७ आणि रताळ्यात २० ग्रॅम असतात. जमिनीखाली पिकते ते सर्व वर्ज्य, हा प्रचलित दंडक मात्र मला कच्चा वाटतो, कारण मुळा निर्दोष ठरतो आणि वेलीवरचा मटार व ताटावरचा मका गुन्हेगार निघतात. कांद्यात सुमारे ९ ग्रॅम. फोडणीपुरता तो खुशाल घ्यावा, वाटीभर पिठपेरणीच्या भाजीस मात्र आवर घालावा.

खरी मेख पातेल्यात आहे. कारल्यात गुळाचा खडा पडला, मेथीवर बेसन पेरले, की मूळ भाजीचा दाखला निरुपयोगी होतो. शिवाय ज्वारीच्या पिठात शेकडा सत्तरांच्या आसपास कर्बोदके असताना आमचे स्नेही भाजी तोलून घेतात आणि भाकरी बिनहिशेबी मोडतात. मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी मात्र वैद्यांना विचारल्यावाचून भाकरी एकाएकी बंद करू नये, कारण रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरू शकते.