कारंज्याची उंची कोण ठरवतं?
लेखमाला : मराठवाड्याचं दगडातलं पाणी

औंढा नागनाथाच्या तटबंद आवारात सासू-सुनेची बारव आहे. तिथे माणूस पायऱ्या उतरून पाण्याकडे जातो. कारंज्यात उलटा प्रकार : पाणी खालून उसळून माणसाकडे येतं. आपल्या हिंगोलीकडच्या वाचकाला असं जुनं कारंजं पाहायचं तर तटबंदीच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पाणचक्कीला जावं लागतं. तिथला हौद पाहून लोक मोगली थाटाची वाखाणणी करतात. थाट आहेच, पण मला ते कारंजं शोभेपेक्षा मोजपट्टी वाटतं. बंद नळातलं पाणी उगमाच्या पातळीपेक्षा वर चढू शकत नाही. वाटेत जितकी गळती, जितका गाळ, तितकी धार बुटकी. धार किती उडते यावरून कोसभर मागे जमिनीखाली काय चाललंय ते कळतं.

पाणचक्कीचं पाणी शहराच्या उत्तरेच्या डोंगरातून भुयारी नहरीने, मातीच्या नळांतून येई. हे तंत्र इथे रुजवलं मलिक अंबरने. 1610 मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवल्यावर काही वर्षांतच त्याने नहर-ए-अंबरी बांधली. औरंगजेबाने 1682 मध्ये शहराला कोट घातला, तोवर कोटाच्या आतली वस्ती दोन पिढ्या नहरीवर जगत होती. म्हणजे कोटाआधी पाणी आलं. पर्यटकांना मात्र आपण दरवाजे आधी दाखवतो. नहरीच्या वाटेवर मधूनमधून उभारलेले मनोरे नळातली कोंडलेली हवा सोडून देत आणि पाण्याचा दाब आवरत. ते पाडले, तर हौद कितीही घासूनपुसून ठेवा, धार उठणार नाही.

कारंजी ही बड्यांची चैन, त्यांचा एवढा उदोउदो कशाला, असं कुणी म्हणेल. काही बागांपुरतं ते खरंही आहे. पण पाणचक्कीत त्याच पाण्याच्या जोरावर जातं फिरे आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यावरच्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी पीठ निघे. चैन असलीच, तर ती दळण झाल्यावरची! दुसरा आक्षेप अधिक वजनदार : जायकवाडी असताना नहरी हव्यात कशाला? लाखोंच्या शहराची तहान नहरींनी भागणार नाही, हे कबूल. मात्र जायकवाडीच्या नाथसागराचं पाणी शहरापर्यंत पंपांनी उचलावं लागतं. नहरीचं पाणी उतारानेच येतं, त्याला विजेचं बिल नाही. बागेपुरतं, हौदापुरतं तरी ते का सोडावं?

तेव्हा जतनाचा पैसा हौदाच्या फरशीवर घालण्याआधी नळांवर आणि मनोऱ्यांवर घाला. हौदात मोटार बसवून उडवलेलं कारंजं नहरीविषयी काहीच सांगत नाही.