चित्रकाराला इतका वेळ का लागतो?

ड्रॉइंग म्हटलं की आपल्याला काय आठवतं? ड्राफ्टर, सेलोटेप, फर्स्ट इयरची शीट आणि सबमिशनच्या आदल्या रात्री काचेखाली दिवा लावून मारलेली 'जीटी'! त्यामुळे एखादा चित्रकार एका चेहऱ्यासाठी महिना महिना घालवतो असं ऐकलं की आपल्यापैकी नव्वद टक्के लोक म्हणतील, "एवढा वेळ? मोबाइलवर एका सेकंदात फोटो निघतो की!"

प्रश्न चुकीचा नाही. पण उत्तर शोधायला गेलं तर ते आपल्याच परिसरात सापडतं, आणि त्यात फिजिक्स-केमिस्ट्रीही भरपूर आहे.

आधी एक गोष्ट सांगते. किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले होते. तिथे त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंग सुटले, पण रेषा सुटली नाही. ते मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले, पुढे ते शिकवूही लागले आणि मग नांगर बनवणारे कारखानदार झाले. १९१० साली त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ कारखान्यासाठी जमीन दिली ती औंधच्या राजेसाहेबांनी. म्हणजे आपलं ड्रॉइंग आणि चित्रकाराचं ड्रॉइंग ही तशी भावंडंच.

औंधचे चित्रकार राजे

हे राजेसाहेब म्हणजे श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१). सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते स्वतः चित्रकार होते. रामायणावरची त्यांची चित्रं १९१६ साली पुस्तकरूपात आली. त्यांचं संस्थान तुकड्यातुकड्यांचं होतं. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात.

औंधला यमाईच्या डोंगराच्या उतारावर त्यांनी १९३८ मध्ये श्री भवानी संग्रहालय उभारलं. रविवर्म्यांची मूळ चित्रं तिथे आहेत, इतकंच काय, हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं 'मदर अँड चाइल्ड' हे शिल्पही आहे. साताऱ्याहून औंध जेमतेम चाळीसेक किलोमीटर.

वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर १९१८ मध्ये औंधला येऊन राहिले. पण त्याआधी ते जे. जे. मध्ये शिकलेले, व्यक्तिचित्रं करून पोट भरणारे चित्रकार होते. त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकरही मोठे चित्रकार झाले. म्हणजे खटाव तालुक्यातल्या त्या लहानशा गावात चित्रकला ही शोभेची वस्तू नव्हती, रोजचं काम होतं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वेळ का लागतो? माझ्या मते कारणं तीन.

कारण पहिलं : रंग

तैलरंगात रंगाची पूड जवसाच्या तेलात खललेली असते. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन घट्ट पापुद्रा तयार होतो. सिव्हिलच्या मित्रांना हे लगेच पटेल. काँक्रीट तरी कुठे 'वाळतं'? त्यातही रिॲक्शनच होते, आणि आपण २८ दिवस थांबतोच की!

म्हणून तैलचित्रात नियम असा, की खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे जास्त तेलाचे. उलटं केलं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा नंतर आक्रसत राहतो आणि काही वर्षांनी चेहऱ्यावर तडे जातात. थरांमध्ये काही दिवस थांबणं ही चित्रकाराची लहर नसते, ते क्युअरिंग असतं.

कारण दुसरं : उजेड

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. नाकाची सावली सकाळी दहाला गालावर जिथे असते तिथे ती अकराला नसते. म्हणून व्यक्तिचित्र करणारे उत्तरेकडची खिडकी पसंत करतात, कारण तिथून ऊन थेट आत येत नाही. आपल्याकडे यातही गंमत आहे. सातारा-सांगली साधारण १७ अंश अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो! युरोपातल्या पुस्तकातला नियम इथे जसाच्या तसा चालत नाही.

निसर्गचित्रात तर खिडकीही नाही. कृष्णेच्या घाटावर सकाळचं ऊन रंगवायचं तर हातात तासभर मिळतो. मग दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच पायरीवर पुन्हा. आभाळ आलं तर नुसतं बसून राहायचं.

कारण तिसरं : आपले डोळे

हे सगळ्यात अवघड. आपला मेंदू डोळ्यांना दिसतं ते जसंच्या तसं घेत नाही, ओळखीचं लेबल लावून मोकळा होतो. झाड? हिरवं. शर्ट? पांढरा. पण संध्याकाळी सावलीतला पांढरा शर्ट चक्क निळसर असतो. पावसाळ्यात अजिंक्यतारा जवळून हिरवागार, आणि त्याच्यामागच्या डोंगररांगा निळ्या होत जातात, कारण मधली हवा उजेड विखरते.

चित्रकार हे लेबल काढून टाकायला शिकतो. डोळे किलकिले करून बघतो, चार पावलं मागे जातो, तुलना करतो, एक फटकारा मारतो, पुन्हा बघतो. आपल्या भाषेत हा फीडबॅक लूप आहे. फक्त इथे सेन्सरच रोज नव्याने कॅलिब्रेट करावा लागतो. ह्यालाच लोक ध्यान म्हणत असावेत. त्यात गूढ काही नाही. सतत तुलना करताना मनातली बडबड थांबते, एवढंच.

सांगलीहून कोल्हापूर तासाभरावर. तिथले आबालाल रहिमान हे अशा बघण्याचं मोठं उदाहरण. जे. जे. मध्ये शिकून, नाव मिळवून ते मुंबईत न राहता गावी परतले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केलं. पण त्यांचं मन रमलं ते कोटितीर्थ तलावाच्या काठी. तेच पाणी, तीच झाडं, वेगवेगळ्या वेळचा उजेड, असं ते वर्षानुवर्षं रंगवत राहिले. १९२२ मध्ये महाराज गेले तेव्हा त्या दुःखात त्यांनी आपली हजारो चित्रं त्याच तलावात सोडून दिली, असं सांगतात. १९३१ मध्ये ते वारले. एका तळ्याकडे माणूस आयुष्यभर बघतो आणि तरी ते संपत नाही, हे मला त्यांच्याकडून कळलं.

मग फोटो काय वाईट?

काहीच नाही. फोटो म्हणजे त्या क्षणाचं डेरिव्हेटिव्ह. व्यक्तिचित्र म्हणजे इंटिग्रल. समोर बसलेला माणूस पहिली पंधरा मिनिटं 'चेहरा' करून बसतो. मग कंटाळतो, खांदे उतरतात, काहीतरी आठवतं, आणि खरा माणूस दिसायला लागतो. सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र आपण कॅलेंडरवर पाहिलेलं असतं. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं समजतात. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. त्यासाठी त्यांची मुलगी गीता तासन्तास दिवा धरून उभी राहिली होती. आणि ते चित्र जलरंगातलं आहे! जलरंगात उजेड म्हणजे कोरा सोडलेला कागद. तो एकदा झाकला की गेला. तिथे हात झपाझप चालतो, पण त्याआधीचं बघणं सावकाशच असावं लागतं.

हॉस्टेलवर राहणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये घरच्यांचे शेकडो फोटो आहेत. पण आजीच्या कपाळावरच्या आठ्या किती, किंवा बाबांच्या कोणत्या डोळ्याची पापणी जास्त झुकते, हे किती जणांना सांगता येईल? ज्यांच्यासाठी आपण इथे शिकतोय त्यांच्याकडे आपण सलग पाच मिनिटं तरी बघितलंय का? चित्रकार परक्या माणसाला तीस तास देतो. हिशेब केला तर वाईट वाटतं.

सगळ्यांनी ब्रश घ्यायची गरज नाही. एखाद्या सुट्टीला तीन-चार जण मिळून औंधला जा (संग्रहालय त्या दिवशी उघडं आहे ना, हे आधी विचारून घ्या). सगळं बघू नका. एकच चित्र निवडा आणि त्याच्यासमोर वीस मिनिटं उभे राहा. मोबाइल खिशातच राहू द्या. पहिली पाच मिनिटं बोअर होईल. त्यानंतर काय दिसतं ते मेसमध्ये येऊन सांगा. आणि दिवाळीत घरी गेलात की एक वही आणि एचबी पेन्सिल घेऊन आजीसमोर बसा. चित्र बिघडेल, बिघडू दे. आजी मात्र नीट दिसेल.