दुबईत घर घेताय? आधी खाते नीट निवडा

दुबई आपल्या माणसांना परकी राहिलेली नाही. म्हसळा, श्रीवर्धन, खेड, चिपळूण या भागांत असे घर विरळाच, ज्यातला कुणी ना कुणी आखातात कामाला गेलेला नाही. पूर्वी तिकडची कमाई गावाकडे यायची आणि तिच्यातून इथे घर उभे राहायचे. २००६ साली दुबईच्या कायदा क्रमांक ७ने ठरावीक भागांत परदेशी माणसालाही कायम मालकीचे घर घेण्याची मुभा दिली. तेव्हापासून पैशाने उलटी वाटही धरली. मुंबईचा चामड्याचा व्यापारी असो की भिवंडीचा कापडवाला, तिकडे एक खोली घेऊन ठेवावी, भाडे येईल, मुलाला उपयोगी पडेल, असा विचार तो करू लागला आहे.

मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत दुबईच्या घरांची प्रदर्शने भरतात. तिथे संगमरवराबद्दल, हप्त्यांबद्दल आणि भाड्याबद्दल भरपूर सांगितले जाते. परंतु पैसा कोणत्या खात्यातून निघायचा, कोणत्या खात्यात पडायचा आणि उद्या भाड्याची किंवा विक्रीची रक्कम कोणत्या खात्यात यायची, या तीन प्रश्नांवर कुणी बोलत नाही. घर चांगले की वाईट हे नंतरही कळते. खाते चुकले तर मात्र घर चांगले असूनही मालकाची झोप उडते.

पैसा निघण्याचे खाते

भारतात राहणारा माणूस आपल्या देशातून परदेशी घरासाठी पैसा पाठवतो तो रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली. बँकेत हिला 'एलआरएस' म्हणतात. २००४ साली ही योजना २५,००० डॉलरच्या मर्यादेने सुरू झाली. ऑगस्ट २०१३मध्ये रुपया घसरला तेव्हा मर्यादा ७५,००० डॉलरवर आणली गेली आणि घरखरेदी बंद झाली. २०१४मध्ये घरखरेदीची मुभा पुन्हा मिळाली. २०१५पासून एका माणसाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर पाठवता येतात. दिरहमचा भाव १९९७पासून एका डॉलरला ३.६७२५ असा बांधलेला आहे. त्या हिशेबाने ही मर्यादा ९,१८,१२५ दिरहम होते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. त्यामुळे काही रक्कम मार्चमध्ये आणि काही एप्रिलमध्ये पाठवली तर दोन वर्षांच्या मर्यादा वापरता येतात.

आता खात्याची निवड. पहिली गोष्ट, ही सवलत माणसाला आहे, पेढीला नाही. भागीदारी संस्था किंवा कंपनी यांच्या खात्यातून हा पैसा पाठवता येत नाही. दुकान एकट्याच्या मालकीचे असेल तर ती रक्कम मालकाच्याच वैयक्तिक मर्यादेत धरली जाते. तरीही धंद्याच्या चालू खात्यातून परस्पर न पाठवता आधी स्वतःच्या खात्यात घ्यावी, म्हणजे हिशेबाच्या वह्या स्वच्छ राहतात.

दुसरी गोष्ट, घरासाठी पैसा पाठवायचा तर त्या बँकेतले आपले खाते निदान एक वर्ष जुने असावे अशी अपेक्षा असते. खाते नवे असेल तर बँक मागील वर्षाचे दुसऱ्या बँकेचे खातेपुस्तक किंवा आयकर विवरणपत्र मागते. म्हणून ज्याला दोन वर्षांनी घर घ्यायचे आहे त्याने आजच योग्य बँकेत खाते उघडून त्यात नियमित व्यवहार ठेवावा.

तिसरी गोष्ट, बँकेला परकीय चलनाचा परवाना हवा. काही मोठ्या नागरी सहकारी बँकांना तो आहे. बहुतेक लहान सहकारी बँका आणि पतसंस्था यांना नाही. आपली पतसंस्था कितीही विश्वासाची असली तरी या कामाला ती चालणार नाही. योजनेखालचे सर्व व्यवहार एकाच ठरवलेल्या शाखेतून करायचे असतात. पॅन सक्तीचा आहे. तसेच परदेशी घरासाठी पाठवायची रक्कम बँकेने कर्जाऊ देऊ नये असा नियम आहे. पैसा आपला स्वतःचा, साठवलेला असावा.

ज्याचा पैसा, त्याचे नाव

मर्यादा माणशी असल्याने पती-पत्नी दोघे मिळून दुप्पट रक्कम पाठवू शकतात. परंतु घराच्या बाबतीत एक अट आहे. ज्याच्या खात्यातून पैसा जातो त्याचे नाव मालकीच्या कागदावर असले पाहिजे. पत्नीच्या खात्यातून निम्मी रक्कम पाठवून घर एकट्या पतीच्या नावावर करता येत नाही. भावाभावांनी एकत्र घेतले तर सर्वांची नावे कागदावर यावीत. उद्याचे वारसांचे तंटे टाळण्यासाठीही हे बरेच.

कराची रक्कम बाजूला ठेवा

पैसा पाठवताना बँक आगाऊ कर गोळा करते. याला 'टीसीएस' म्हणतात. १ ऑक्टोबर २०२३पासून घरासारख्या कारणासाठी त्याचा दर २० टक्के झाला. १ एप्रिल २०२५पासून वर्षाला पहिल्या १० लाख रुपयांवर तो लागत नाही. समजा एका वर्षात आपण ५० लाख रुपये पाठवले. मग ४० लाखांवर २० टक्के म्हणजे ८ लाख रुपये बँक वेगळे घेईल. खात्यात ५० नव्हे, ५८ लाख हवेत. बँकेचा हशील आणि नोंदणीचा खर्च त्याहून निराळा. हे ८ लाख बुडत नाहीत. ते आपल्या पॅनवर जमा होतात आणि आयकरात वळते होतात किंवा परत मिळतात. परंतु मधल्या काळात ती रक्कम अडकते. ज्याचा धंदा उधारीवर चालतो त्याने माल भरण्याच्या दिवसांत हे भांडवल अडकवू नये. आगाऊ कराचे हप्ते भरताना ही रक्कम हिशेबात धरावी.

'भाच्याने तिकडे भरले, आम्ही इकडे दिले'

हा खरा नाजूक मुद्दा आहे. हवाला वाईट, हे सर्वांना ठाऊक आहे. पण घरातल्या घरात होणाऱ्या व्यवहाराला आपण हवाला मानत नाही. भाचा दुबईत नोकरीला असतो. तो आपल्या पगारातून मामाच्या घराचा हप्ता दिरहममध्ये भरतो. मामा तेवढे रुपये चिपळूणला बहिणीच्या हाती देतो. कुणाची फसवणूक नाही, कुणाला नफा नाही, सर्व काही विश्वासाचे. तरीही परकीय चलन कायद्याच्या, म्हणजे 'फेमा'च्या, कलम ३ प्रमाणे परदेशातील मालमत्तेच्या बदल्यात भारतात असे पैसे देणे मना आहे. नात्याने हा गुन्हा माफ होत नाही.

याची शिक्षा थोडी नाही. गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. त्याशिवाय २०१५ साली घातलेल्या कलम ३७-अ प्रमाणे परदेशातील बेकायदा मालमत्तेइतक्या किमतीची भारतातली मालमत्ता जप्त करता येते. म्हणजे दुबईच्या एका खोलीपायी इथले दुकान किंवा वडिलोपार्जित घर धोक्यात येते. दोन टक्के हशील आणि आगाऊ कर वाचवण्यासाठी एवढी जोखीम घेणे व्यापारी शहाणपणाचे नाही.

मुलगा किंवा भाचा खरोखरच तिथला रहिवासी असेल तर तो आपल्या कमाईतून स्वतःच्या नावाने घर घेऊ शकतो. त्याला या योजनेची मर्यादा लागू नाही. पुढे तो कायमचा मायदेशी परतला तरी ते घर ठेवू शकतो. मात्र आपला पैसा 'कुटुंबाच्या खर्चासाठी' असे लिहून त्याच्या खात्यात पाठवायचा आणि त्यातून घर घ्यायचे, हे खोटे निवेदन ठरते. फॉर्मवर कारण खरेच लिहावे.

पैसा पडण्याचे खाते

बांधकाम चालू असलेले घर घेत असाल तर दुबईच्या २००७ सालच्या कायदा क्रमांक ८ने खरेदीदाराला मोठे संरक्षण दिले आहे. प्रत्येक प्रकल्पासाठी बिल्डरला वेगळे 'एस्क्रो' खाते उघडावे लागते. हे त्या प्रकल्पापुरते राखलेले खाते. त्यातून बिल्डरला मन मानेल तसा पैसा काढता येत नाही, कामाच्या प्रगतीप्रमाणे मिळतो. इमारत पूर्ण झाल्यावरही ५ टक्के रक्कम एक वर्ष रोखून ठेवली जाते. आपल्या महारेरात खरेदीदारांचा ७० टक्के पैसा वेगळ्या खात्यात ठेवण्याचा जो नियम आहे, तोच हा विचार. २००८च्या मंदीत दुबईतले कितीतरी प्रकल्प अर्धवट राहिले. त्या वेळी ज्याच्याकडे रीतसर खात्यात पैसे भरल्याचा पुरावा होता, त्याला निदान दाद मागायला जागा होती.

म्हणून नियम सोपा आहे. बँकेच्या फॉर्मवर लाभार्थी म्हणून प्रकल्पाच्या एस्क्रो खात्याचेच नाव हवे. दलालाचे खाते नको. कंपनीचे 'दुसरे' खाते नको. दलाल ओळखीचा असला, आपल्याच गावचा असला, तरी नको. खाते क्रमांक 'एई' या अक्षरांनी सुरू होतो आणि अक्षरे-आकडे मिळून २३ असतात. तो दुबईच्या जमीन विभागाकडील प्रकल्पाच्या नोंदीशी ताडून पाहावा. प्रदर्शनात जागेवरच क्रेडिट कार्ड घासून नोंदणीची रक्कम भरण्याचा आग्रह होतो, तोही टाळावा. ही रक्कम बँकेतून योजनेखालीच जावी.

पैसा पाठवताना वाटेतल्या बँकांचा हशील कोण भरणार हे बँकेला स्पष्ट सांगावे. तो आपण भरतो असे लिहिले नाही, तर पोचणाऱ्या रकमेतून कपात होते आणि हप्ता अपुरा पडतो. दोन-तीन बँकांकडून त्याच दिवशीचा दिरहमचा भाव विचारावा. जाहिरातीत हशील शून्य सांगणारी बँक भावात वसूल करते.

तयार घराची गोष्ट निराळी. तिथे हस्तांतराच्या दिवशी विक्रेत्याला बहुधा बँकेचा मॅनेजर्स चेक द्यावा लागतो. तो तिथल्याच बँकेचा असतो, त्यामुळे तिथे खाते लागते. रहिवासी नसलेल्यांना काही बँका बचत खाते देतात. त्यासाठी पासपोर्ट, भारतातल्या बँकेची विवरणे व शिफारसपत्र मागतात. किमान शिल्लक बरीच ठेवावी लागते. ही शिल्लक, चेकची सोय आणि परतीचा हशील, या तीन गोष्टी विचारून मगच बँक ठरवावी. जमीन विभागाचे नोंदणी शुल्क किमतीच्या ४ टक्के असते आणि प्रत्यक्षात ते बहुधा खरेदीदारच भरतो.

व्याजाचा प्रश्न

व्याज टाळू इच्छिणाऱ्यांना आपल्याकडे चालू खात्याचा मार्ग आहे, कारण त्यावर व्याज मिळत नाही. दुबईत १९७५पासून इस्लामी बँक आहे. अशा बँकांतले चालू खाते बिनव्याजी अमानतीसारखे चालते आणि बचत खाते मुदारबाच्या, म्हणजे नफ्यातील वाट्याच्या, तत्त्वावर. तिथे राहणाऱ्या मुलाला घरासाठी इजारा किंवा मुराबहाची सोयही मिळू शकते. पण भारतात राहणाऱ्याने सावध असावे. नाव काहीही असले तरी आपल्या कायद्याच्या नजरेने ती परदेशातली उधारीच ठरू शकते. ताबा मिळाल्यावर वर्षानुवर्षे चालणाऱ्या बिनव्याजी हप्त्यांबद्दलही बँकेचे आणि सनदी लेखापालाचे लेखी मत घेतल्याशिवाय सही करू नये.

पैसा परतण्याचे खाते

भाडे दुबईच्या खात्यात जमा होत असेल तर ते तसेच पडून राहू देऊ नये. ऑगस्ट २०२२पासूनच्या नियमाप्रमाणे, न गुंतवलेला पैसा १८० दिवसांत भारतात आणावा लागतो. खात्यावर परवानगी एकट्याचीच असेल तर अडचण येते. खातेदार वारला की तिथली बँक खाते गोठवते, संयुक्त खातेही, आणि वारसांना न्यायालयाचा हुकूम आणावा लागतो. म्हणून तिथे गरजेपुरतीच रक्कम ठेवावी आणि कागदांची एक प्रत घरच्यांना माहीत असलेल्या जागी ठेवावी.

तिकडे भाड्यावर वैयक्तिक आयकर नाही म्हणून इथेही नाही, असे समजू नये. भारतात राहणाऱ्याला जगभरचे उत्पन्न दाखवावे लागते. आपले अनेक दुकानदार आणि कारागीर 'सुगम' हा सोपा फॉर्म भरतात. परदेशात घर किंवा खाते असणाऱ्याला तो चालत नाही. मोठा फॉर्म भरून परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात घर आणि खाते दोन्ही दाखवावे लागतात. ही माहिती कॅलेंडर वर्षाची, म्हणजे ३१ डिसेंबरअखेरची, असते. ती न दाखवल्यास २०१५च्या काळा पैसा कायद्याने १० लाख रुपये दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४पासून २० लाखांपर्यंतच्या खात्यांसारख्या मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली, परंतु घराला ती सूट नाही. खाते लपून राहील असेही मानू नये. २०१८पासून अमिरातीतील बँकखात्यांची माहिती करारानुसार इतर देशांना पाठवली जाते.

थोडक्यात, सही करण्याआधी एक फाइल करावी. तिच्यात बँकेचा फॉर्म, पैसे पाठवल्याची पावती, टीसीएसचा दाखला, एस्क्रो खात्याची पावती आणि नोंदणीचा कागद असावा. हे पाच कागद एकाच नावाचे आणि एकाच रकमेचे असले, तर घर विकून पैसा परत आणताना कुणीही हात धरू शकत नाही. मेहनतीची कमाई जशी उजळ माथ्याने मिळवली, तशीच ती उजळ वाटेने जावी आणि त्याच वाटेने परत यावी.