साडीच्या निऱ्या आणि मिलिमीटर लहरी

२५ डिसेंबर २०२५ च्या सकाळी आठच्या सुमारास बेंगळुरूहून आलेले इंडिगोचे विमान उलव्याच्या धावपट्टीवर उतरले आणि नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, कळंबोली या भागातल्या माणसांसाठी हा मोठाच बदल होता. तोवर विमान पकडायचे म्हणजे वाशीचा खाडीपूल ओलांडून सांताक्रूझ किंवा सहार गाठायचे, आणि पहाटेचे विमान असले तर मध्यरात्रीच घर सोडायचे. आता टर्मिनल दारात आले आहे. या परिसरातली हजारो माणसे येत्या काही वर्षांत आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसतील आणि पहिल्यांदाच सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभी राहतील.

त्या रांगेचा २५ डिसेंबर या तारखेशी एक जुना संबंध आहे. बरोबर सोळा वर्षांपूर्वी, २००९ च्या नाताळात, ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला निघालेल्या नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या विमानात उमर फारुक अब्दुलमुतल्लब या तरुणाने अंतर्वस्त्रात दडवलेली स्फोटके पेटवण्याचा प्रयत्न केला. स्फोट नीट झाला नाही, सहप्रवाशांनी त्याला जागीच पकडले आणि विमानातले जवळपास तीनशे जण वाचले. त्याने वापरलेल्या पीईटीएन या स्फोटकात धातूचा कणही नसतो. धातू ओळखणाऱ्या चौकटीला त्याचा पत्ता लागणे शक्यच नव्हते.

या घटनेनंतर जगभरच्या विमानतळांवर बॉडी स्कॅनर झपाट्याने आले. भारतात मात्र अजून बहुतेक ठिकाणी तीच धातुशोधक चौकट, तिच्यापुढे हातातले यंत्र घेतलेला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा, म्हणजे सीआयएसएफचा, जवान आणि स्त्रियांसाठी पडदा लावलेला बूथ दिसतो. आपल्याकडे चौकट वाजो न वाजो, प्रत्येक प्रवाशाची अंगझडती होते. ती काळजीपूर्वक होते यात शंका नाही, पण तिला वेळ लागतो, माणसे लागतात, आणि अनोळखी हातांनी अंग चाचपले जाणे अनेकांना, विशेषतः वयस्क स्त्रियांना, संकोचाचे वाटते.

मग नवे यंत्र आणायला इतकी वर्षे का लागतात? याचे बरेचसे उत्तर चाचण्यांमध्ये आहे, आणि चाचण्या कोण करतो यातही.

भारतात विमानतळाच्या सुरक्षेची जबाबदारी तिघांत वाटलेली आहे. नियम आणि यंत्रांचे निकष ठरवते ती नागरी विमान वाहतूक सुरक्षा संस्था, जिला सगळे बीसीएएस म्हणतात. सप्टेंबर १९७६ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे अपहरण झाल्यावर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून १९७८ मध्ये तिची सुरुवात झाली. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ अटलांटिकवर बॉम्बस्फोटात कोसळून ३२९ जण गेले, आणि त्यानंतर १९८७ मध्ये ती स्वतंत्र विभाग झाली. यंत्रासमोर प्रत्यक्ष उभे राहतात ते सीआयएसएफचे जवान. डिसेंबर १९९९ मधल्या कंदाहार अपहरणानंतर, २००० साली, जयपूरपासून त्यांनी विमानतळ ताब्यात घ्यायला सुरुवात केली. तिसरा भागीदार विमानतळ चालवणारी कंपनी. यंत्र विकत घेणे, बसवणे, त्यासाठी जागा आणि वीज देणे हे तिचे काम. नवी मुंबईत ही कंपनी अदानी समूह आणि सिडको यांची मिळून आहे, ७४ टक्के आणि २६ टक्के अशा वाट्याने. चौथा घटक यंत्र बनवणारा, आणि तो बहुतेक वेळा परदेशी असतो.

या चौघांपैकी एकट्याला काहीच करता येत नाही. निकष लिहिणाऱ्याकडे रांग नसते, आणि ज्याच्याकडे रांग असते त्याला निकष बदलण्याचा अधिकार नसतो. म्हणून नवे तंत्रज्ञान येते ते सरकार आणि उद्योग यांच्या संयुक्त चाचणीतूनच.

एप्रिल २०१९ मध्ये बीसीएएसने ८४ संवेदनशील आणि अतिसंवेदनशील विमानतळांना मिलिमीटर लहरींचे बॉडी स्कॅनर बसवण्याचा आदेश दिला. मुदत मार्च २०२० होती. नेमकी तेव्हाच कोविडची साथ आली आणि विमानतळ ओस पडले. पुढे वर्षाला पन्नास लाखांहून अधिक प्रवासी असलेल्या विमानतळांनी हातसामानासाठी सीटी यंत्रेही बसवावीत असे ठरले. तीही मुदत पुढे ढकलावी लागली.

तरी काम थांबले नाही. डिसेंबर २०२३ मध्ये बेंगळुरूच्या दुसऱ्या टर्मिनलवर सीटी यंत्र, ट्रे आपोआप परत आणणारी रांग आणि बॉडी स्कॅनर अशी एकत्र चाचणी सुरू झाली. देशातली ही अशी पहिलीच. दिल्ली विमानतळाने मे २०२५ मध्ये पहिल्या आणि तिसऱ्या टर्मिनलवर प्रत्येकी दोन बॉडी स्कॅनर चाचणीसाठी जाहीर केले. चाचणी तीन-चार महिन्यांची, आणि निष्कर्ष तपासायला बीसीएएसच्या नेतृत्वाखालची समिती. यंत्राची लहर ७० ते ८० गिगाहर्ट्झची, तपासणी साधारण तीन सेकंदांची, आणि कमाल क्षमता तासाला १,२०० माणसांची असे विमानतळाने सांगितले होते.

ही यंत्रे करतात काय, हे समजून घेणे अवघड नाही. मिलिमीटर लहरी म्हणजे रेडिओलहरींचाच एक प्रकार. त्या कपड्यांतून आरपार जातात आणि त्वचेवरून परत फिरतात. मध्ये काही लपवलेले असेल, मग ते धातूचे असो, प्लॅस्टिकचे असो की पुडीतली पूड असो, तर परत येणारी लहर तिथे वेगळी दिसते. क्ष-किरणांसारखी त्यांची ऊर्जा नसते, त्यामुळे शरीरातल्या पेशींना त्या क्ष-किरणांप्रमाणे इजा करत नाहीत. पडद्यावर प्रवाशाचे अंग दिसत नाही. सगळ्यांसाठी एकच साचेबद्ध आकृती असते, तिच्या दंडावर किंवा कमरेवर एक चौकोन उमटतो, आणि जवान फक्त तेवढीच जागा तपासतो.

हा साचा आपोआप आलेला नाही. अमेरिकेत सुरुवातीला क्ष-किरण वापरणारे एक वेगळे स्कॅनर होते, आणि ते माणसाची जवळजवळ उघडी प्रतिमा दाखवत. लोकांनी तीव्र विरोध केला. संसदेने साचेबद्ध आकृती बंधनकारक केली. ते स्कॅनर बनवणाऱ्या कंपनीला तसे सॉफ्टवेअर मुदतीत देता आले नाही आणि २०१३ मध्ये ती सगळी यंत्रे विमानतळांवरून काढून टाकावी लागली. प्रवाशाला काय सहन होते, हा प्रश्न खरेदीआधीच्या चाचणीत विचारला असता तर तो खर्च वाचला असता.

सीटी यंत्र हे इस्पितळातल्या सीटी स्कॅनचे भावंड. साध्या यंत्रात बॅगेची एकदोन बाजूंनी सपाट छाया मिळते; लॅपटॉप आत असला की त्याखालचे झाकले जाते, म्हणून तो बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगतात. सीटीत क्ष-किरणांचा स्रोत बॅगेभोवती फिरतो, शेकडो काप टिपतो आणि संगणक त्यातून त्रिमितीय चित्र उभे करतो. तपासनीस ते पडद्यावर हवे तसे फिरवून बघतो. शिवाय प्रत्येक वस्तूची घनता मोजली जाते आणि ती स्फोटकांच्या पल्ल्यात आली तर यंत्र सूचना देते.

खरी अडचण या घनतेपाशीच येते. चॉकलेट, मध, चीज, शेंगदाण्याचे लोणी या पदार्थांची घनता काही स्फोटकांच्या जवळ जाते, हे युरोप-अमेरिकेतल्या तपासनिसांना अनुभवाने ठाऊक आहे. आता पनवेलच्या प्रवाशाची बॅग डोळ्यांसमोर आणावी. पुण्याला शिकणाऱ्या भाचीला भेटून आलेली आत्या बेंगळुरूच्या लेकाकडे निघाली आहे. बॅगेत बेसनाचे लाडू, शेंगदाण्याची चटणी, घट्ट बांधलेला मालवणी मसाला, तुपाची बरणी, आमसुलाचे आगळ. तूप आणि आगळ हातसामानात द्रवाच्या नियमात अडकणार. सुके खोबरे तर आंतरराष्ट्रीय नियमांत आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत मोडते. पण लाडू आणि मसाला यांना बंदी नाही, आणि तरीही यंत्राने दर चौथ्या बॅगेला थांबवले तर झटपट तपासणीचे तंत्रज्ञान वीस मिनिटांची रांग होऊन बसेल. फ्रँकफर्टच्या बॅगांवर तावून सुलाखून घेतलेले सॉफ्टवेअर पनवेलच्या बॅगेवर तसेच चालेल असे गृहीत धरता येत नाही. ते इथल्याच बॅगांवर तपासावे लागते.

अंगावरच्या कपड्यांचेही तसेच. कपड्याच्या घड्या जिथे एकावर एक येतात तिथे मिलिमीटर लहरी गोंधळू शकतात. साडीच्या निऱ्या कमरेपाशी अशाच एकावर एक बसतात. नऊवारीचा काष्टा आणि फेट्याचे वेढेही तसेच. अमेरिकेत दाट, गुंफलेल्या केसांमुळे कृष्णवर्णीय स्त्रियांना पुन्हापुन्हा थांबवले जाते, अशा तक्रारी अनेक वर्षे होत राहिल्या. आपल्याकडे प्रत्येक साडी नेसलेल्या बाईला स्कॅनरनंतर पुन्हा पडद्याआड जावे लागणार असेल, तर ते यंत्र तिच्या दृष्टीने आलेच नाही. चाचणीच्या तक्त्यात हा आकडा स्वतंत्र रकाना म्हणून असला पाहिजे.

इतर देशांत चाचणीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळच्या सरकारी प्रयोगशाळेत खऱ्या स्फोटकांवर यंत्र पारखले जाते. मग वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाजवळच्या केंद्रात ते बाकीच्या यंत्रणेशी जुळते का हे पाहतात, आणि त्यानंतरच ते खऱ्या रांगेत उतरते. २०१५ मध्ये गुप्त परीक्षकांनी ७० पैकी ६७ वेळा नकली शस्त्रे-स्फोटके तपासणीतून पार नेल्याचे बातम्यांतून उघड झाले आणि मोठी खळबळ माजली. पुढच्याच वर्षी तिथल्या सुरक्षा प्रशासनाने विमान कंपन्या आणि उत्पादक यांना बरोबर घेणारा नवतंत्रज्ञान गट उभारला. डेल्टा एअरलाइन्सने सुमारे दहा लाख डॉलर घालून अटलांटात दोन नव्या रांगा बांधून दिल्या, आणि पाच जण एकाच वेळी ट्रे भरू शकतील अशी ती रचना तिथून देशभर गेली.

युरोपात २००८ पासून अनेक देशांच्या प्रयोगशाळा एकाच पद्धतीने यंत्रे तपासतात. तरीही चूक होते, आणि ती कबूल करण्याची रीत तिथे आहे हे महत्त्वाचे. ऑगस्ट २००६ मधल्या द्रवस्फोटकांच्या कटानंतर आलेली १०० मिलिलिटरची मर्यादा सीटी यंत्रांमुळे काही विमानतळांवर उठली होती. पण १ सप्टेंबर २०२४ पासून युरोपीय संघाने ती पुन्हा लागू केली, कारण यंत्रे द्रव पारखण्यात अपेक्षेइतकी भरवशाची नसल्याची शंका आली. कोट्यवधी युरो घातलेले विमानतळ नाराज झाले. पुढे जुलै २०२५ मध्ये एका यंत्राला नव्याने मान्यता मिळाली. बसवलेल्या यंत्राचीही फेरतपासणी होते, आणि तिचा निकाल जाहीर होतो.

आपल्याकडे उणीव आहे ती इथे. बेंगळुरू किंवा दिल्लीच्या चाचणीत खोटे इशारे किती आले, एका माणसाला सरासरी किती वेळ लागला, स्त्री आणि पुरुष प्रवाशांत किती फरक पडला, हे सामान्य प्रवाशाला वाचायला मिळत नाही. यंत्र काय पकडू शकत नाही हे गुप्तच राहिले पाहिजे, त्यात दुमत नाही. पण रांग किती लांबली हे सांगितल्याने कोणाचेही फावत नाही. २०२१ पासून देशांतर्गत प्रवासी तिकिटामागे २०० रुपये विमान सुरक्षा शुल्क भरतो. तो पैसा त्याचा आहे आणि झडतीही त्याचीच होते, तेव्हा एवढी माहिती मागण्याचा त्याला हक्क आहे.

नवी मुंबईला यात एक संधी आहे जी जुन्या विमानतळांना नाही. धावपट्टीच्या चाचण्या सगळ्यांनी पाहिल्या. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी हवाई दलाचे सी-२९५ उतरले, २९ डिसेंबरला इंडिगोचे एअरबस उतरले, टाळ्या वाजल्या. सुरक्षा रांगेची चाचणी अशी दिसत नाही, पण इथे सवयी अजून घट्ट झालेल्या नाहीत, कर्मचारी नवे आहेत आणि प्रवासीही नवे. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता आहे. विमानतळासाठी चिंचपाडा, कोपर, कोल्ही, तरघर, वाघिवली अशा दहा गावांनी आपली घरे सोडली. तिथली पहिल्यांदा उडणारी माणसे चाचणीत स्वेच्छेने सहभागी झाली तर त्याहून खरा नमुना कुठे मिळणार? खारघरला सूक्ष्मलहरी तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या ‘समीर’ या सरकारी संशोधन संस्थेचे केंद्र आहे, ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. मोजमापासाठी लागणारी विद्वत्ता तासाभराच्या अंतरावर आहे आणि तिला या कामात ओढायला हवे.

एक गोष्ट मात्र वाट पाहणार नाही. सीटी यंत्र साध्या यंत्रापेक्षा कितीतरी जड असते, आणि ब्रिटनमधल्या काही विमानतळांना ती बसवण्याआधी टर्मिनलच्या जमिनी मजबूत कराव्या लागल्या. तिथली सरकारी मुदत हुकण्यामागे हेही एक कारण होते. नवी मुंबईच्या पुढच्या टप्प्यांत आणखी टर्मिनल उभी राहायची आहेत आणि अंतिम क्षमता वर्षाला नऊ कोटी प्रवाशांची सांगितली जाते. त्या इमारतींच्या नकाशात तपासणी दालनाची जमीन किती भार पेलेल, वीज किती लागेल आणि चालू रांगांना धक्का न लावता एखादी रांग कायम चाचणीसाठी राखून ठेवता येईल का, हे बीसीएएस, सीआयएसएफ आणि विमानतळ कंपनी यांनी एका टेबलाशी बसून काँक्रीट ओतण्याआधी ठरवायचे आहे.