शाळेचा अध्यक्ष कोणी निवडला?



सोसायटीची निवडणूक आली की आपण पंधरा दिवस आधीपासून कामाला लागतो. डेअरीच्या चेअरमनपदावरून तर भावकीत अबोला धरतो. पण आपली पोरे ज्या शाळेत शिकतात तिच्या समितीचा अध्यक्ष कोण, असे विचारले तर "मास्तरांना ठाऊक" एवढेच उत्तर मिळते.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती हवी, असे त्याचे २१ वे कलम सांगते. तिच्यात किमान पाऊण हिस्सा पालकांचा आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. बारा जणांची समिती असेल तर नऊ पालक झाले. उरलेल्या जागांवर ग्रामपंचायतीचा सदस्य, शिक्षक वगैरे. मुख्याध्यापक हे सचिव.

पालक सभासद पालकसभेत निवडायचे. मग अध्यक्ष व उपाध्यक्ष या पालक सभासदांतूनच निवडायचे. गावचा पुढारी कितीही मोठा असो, त्याचे मूल त्या शाळेत नसेल तर ती खुर्ची त्याची नव्हे.

कागदावर हे सरळ आहे. माझ्या नोकरीतील एका गावी मी सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवायला शाळेच्या ओट्यावर गेलो होतो. आत पालकसभा चालू होती. वाफसा आलेला, सारे गाव पेरणीवर. सभेला माणसे सात. दहा मिनिटांत नावे वाचली, टाळ्या झाल्या. अध्यक्ष म्हणून ज्या बाईंचे नाव पुकारले त्या शेतात होत्या! सही यजमानांनी ठोकली. (नोटीस पेरणीच्या ऐन घातीत का काढतात, हे मला अजून उमगलेले नाही.)

त्या पावसाळ्यात चौथीच्या वर्गाचे पत्रे गळत होते. शाळेच्या खात्यात पैसे होते, पण ते काढायला मुख्याध्यापकांबरोबर अध्यक्षांची सही लागते. यजमान परगावी गेलेले. बाईंना विचारले तर म्हणाल्या, "मला काय ठाऊक भाऊ, ते मालक बघत्यात."

मुदत दोन वर्षांची. पुढच्या खेपेला आया-बायांनी मास्तरांना गाठून सभा संध्याकाळी, धारा काढून झाल्यावर ठेवायला लावली. अंगणात चटया कमी पडल्या. अध्यक्षपदासाठी दोन नावे आली, तेव्हा चिठ्ठ्या टाकून सर्वांसमोर मोजल्या, आणि आकडा त्याच रात्री इतिवृत्तात लिहून सभासदांच्या सह्या घेतल्या. तुमच्या गावीही एवढे जरूर करून घ्या. कोरे रजिस्टर पुढे आले तर सही करू नका.

उपाध्यक्षपद शोभेचे समजू नका. अध्यक्ष गावात नसले तर बैठक त्यांनी चालवायची. त्या गावात उपाध्यक्ष झाल्या त्या आधीच्याच बाई. महिन्याच्या पहिल्या बैठकीला त्या स्वतः आल्या, खिचडीच्या तांदळाची पोती मोजली आणि मग रजिस्टर मागितले.