पन्हाळ्याचा भोज, धारचा भोज आणि रुकडीचं तळं

हातकणंगल्यात पन्हाळ्याचा विषय निघाला की 'राजा भोजाचा किल्ला' हे ठरलेलं. तिथवर बरोबर आहे. घोटाळा पुढच्या वाक्यात होतो.

गैरसमज : कालिदासाला पदरी बाळगणारा भोज तो हाच.

पन्हाळ्याचा भोज म्हणजे शिलाहार घराण्याचा दुसरा भोज, अंदाजे 1175 ते 1212. कथांमधला भोज परमार घराण्यातला, माळव्यातल्या धारचा. तो याच्या दीडशे वर्षं आधीचा. आणि कालिदास? त्याचं नाव 634 सालच्या ऐहोळे शिलालेखातच आहे, म्हणजे तो धारच्या भोजाच्याही पदरी असणं शक्य नाही. ही भेट पुस्तकांनी घडवली. मेरुतुंगाने चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला 'प्रबंधचिंतामणी'त भोजाच्या आख्यायिका गुंफल्या. सोळाव्या शतकातल्या बल्लाळाच्या 'भोजप्रबंधा'ने तर वेगवेगळ्या काळातले कवी एकाच दरबारात आणून बसवले. गोष्ट म्हणून झकास, इतिहास म्हणून शून्य.

आपल्या भोजाला उसन्या कवींची गरजही नव्हती. त्याच्याच राज्यात, आजऱ्याच्या जिनालयात सोमदेवाने 1205 साली 'शब्दार्णवचंद्रिका' हा व्याकरणग्रंथ लिहिला.

गैरसमज : 'कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली' या म्हणीतला गंगू तेली म्हणजे गांगेय आणि तैलप हे भोजाने हरवलेले दोन राजे.

ऐकायला पटतं, पण सनावळीत बसत नाही. चालुक्य तैलप 997 च्या सुमारास वारला, धारचा भोज गादीवर आला 1010 च्या आसपास. पन्हाळ्यावर याच म्हणीला किल्ल्याचा तट बांधताना दिलेल्या बळीची कथा जोडतात. तीही लोककथाच.

गैरसमज : पन्हाळ्याचा भोज अजिंक्य होता.

यादव सिंघणाने 1212 च्या सुमारास त्याचं राज्य संपवलं. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातला सिंघणाचा शिलालेख 1213-14 चा आहे. मुलूख किती लवकर यादवांकडे गेला, ते त्यावरून कळतं.

या भोजाच्या नादात त्याचा आजा गंडरादित्य मात्र मागे पडला, आणि आपल्या हातकणंगले तालुक्याशी खरं नातं त्याचं आहे. शके 1032 च्या, म्हणजे 1110 सालच्या ताम्रपटात त्याने मिरिंज, म्हणजे मिरज प्रांतातल्या इरुकुडीला 'गंडसमुद्र' नावाचं तळं बांधल्याचं लिहिलं आहे. काठावर शिव, बुद्ध आणि जिन अशा तिघांची देवळं, आणि त्यांच्या खर्चासाठी जमिनी. अभ्यासक ही इरुकुडी म्हणजे आजची रुकडी मानतात. रेल्वेने कोल्हापूरला जाताना हातकणंगल्यानंतरचं स्टेशन.